हजार फुटांचा करार

विमान वर जाऊन स्थिरावले की वैमानिक घोषणा करतो, 'आपण आता ३५ हजार फूट उंचीवरून जात आहोत.' यातला ३५ हजार हा आकडा खरा नसतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्याच घटकेला विमानातून समुद्रसपाटीपर्यंत दोरी सोडून मोजणे शक्य असते, तर ते अंतर हजारांहून अधिक फुटांनी जास्तच भरले असते. कडाक्याच्या हिवाळ्यात सैबेरियावर ते ३५ हजारांपेक्षा कमी भरते. वैमानिक खोटे बोलत नसतो. त्याच्या समोरचा काटा ३५ हजारच दाखवत असतो, आणि त्याच्या वरून-खालून जाणाऱ्या विमानांतले काटेही नेमके तेवढ्याच मापाने चुकत असतात. गजबजलेल्या आकाशात विमाने एकमेकांवर आदळत नाहीत, याच्या मुळाशी ही सर्वांनी मिळून पत्करलेली चूक आहे. वरच्या आणि खालच्या विमानात हजार फूट अंतर हवे, हा नियम ऐकायला भूमितीतला वाटतो. प्रत्यक्षात तो एक करार आहे. तो कसा झाला, कशावर टिकून आहे आणि कुठे कुठे मोडला, हे सांगण्यासाठी हा लेख.

उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो, हे १६४८ सालापासून ठाऊक आहे. त्या वर्षी १९ सप्टेंबरला ब्लेझ पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा फ्लोरँ पेरिए पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या पुई द डोम या डोंगरावर चढला आणि वर पारा खाली उतरलेला त्याने पाहिला. १८४४ मध्ये लूसियाँ विदीने पाऱ्याशिवाय चालणारा दाबमापक तयार केला. हवा काढून घेतलेली पातळ पत्र्याची बंद डबी बाहेरचा दाब घटला की किंचित फुगते आणि त्या फुगण्याने काटा फिरतो, एवढीच त्याची युक्ती. तबकडीवर दाबाऐवजी फूट लिहिले की तोच झाला उंचीमापक, वैमानिकांच्या बोलीतला अल्टिमीटर. पहिल्या महायुद्धातली विमाने असाच उंचीमापक घेऊन उडत. पण त्याचा काटा इतका ढोबळ होता की ढगात शिरल्यावर त्याच्या भरवशावर जमिनीजवळ येणे म्हणजे जिवाशी खेळ. जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या पॉल कोल्समनने १९२८ च्या सुमारास घड्याळजीच्या नजाकतीची चक्रे बसवून संवेदनशील अल्टिमीटर बनवला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटलने न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर कापडी आच्छादनाखाली बसून, बाहेरचे काहीही न पाहता विमान उडवले, फिरवले आणि उतरवले. त्याच्या पुढ्यातल्या उपकरणांत कोल्समनचा अल्टिमीटर होता. पुढच्या आसनावर गरज पडल्यास सांभाळून घ्यायला दुसरा वैमानिक बसला होता. त्याला हात लावावा लागला नाही.

कोल्समनच्या अल्टिमीटरला एक छोटी खिडकी होती. तिला आजही 'कोल्समन खिडकी' म्हणतात. वैमानिक एक बटण फिरवून तिच्यात आधारभूत दाब बसवतो, म्हणजे 'शून्य उंची कुठल्या दाबाला धरायची' हे उपकरणाला सांगतो. आपल्या विषयाची सगळी मेख या खिडकीत आहे. मुंबईत समुद्रसपाटीचा दाब भर पावसाळ्यात १००२ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो, तर थंडीत १०१४ च्या. खाली समुद्राजवळ एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २७ फूट. एका विमानाच्या खिडकीत १००२ आणि दुसऱ्याच्या खिडकीत १०१४ राहिले, तर एकाच उंचीवर असूनही दोघांचे काटे तीनशेहून अधिक फुटांनी वेगळे बोलतील. उतरताना आणि उडताना जमिनीशी गाठ असते, म्हणून तिथे स्थानिक दाबच हवा. पण वर, शेकडो मैलांच्या प्रवासात, वाटेतल्या प्रत्येक शहराचा दाब कोण बसवत राहणार? आणि एकाने बसवला, दुसरा विसरला तर? म्हणून ठरले असे, की एका ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर जगातल्या प्रत्येक वैमानिकाने खिडकीत एकच आकडा ठेवायचा: १०१३.२५. खाली प्रत्यक्ष दाब काहीही असो. अशा रीतीने मिळालेल्या उंचीला मग उंची म्हणायचेच नाही, 'फ्लाइट लेव्हल' म्हणायचे. ३५ हजार फूट म्हणजे लेव्हल ३५०. ही पातळी जमिनीला समांतर नसते. ती समान दाबाची चादर असते आणि हवामानाप्रमाणे वर-खाली होते. तिच्यावरची सगळी विमाने तिच्याबरोबर वर-खाली होतात, त्यामुळे आपापसातले अंतर राहते. तेही नेमके हजार नव्हे. हवा प्रमाणापेक्षा दहा अंशांनी गरम असेल, तर लेव्हल ३५० आणि ३६० यांच्यात प्रत्यक्षात १०४५ फुटांच्या आसपास अंतर असते. थंड असेल तर हजाराहून कमी.

(जाता जाता एक गंमत. १९५६ च्या कायद्याने आपण जमिनीवर मीटर आणि किलोग्रॅम आणले, फूट शाळेच्या पट्टीच्या एका कडेपुरते उरले. आपल्या डोक्यावरचे आकाश मात्र अजून फुटांतच मोजले जाते.)

पातळ्या ठरल्यावर त्या वाटायच्या कशा? नियम सोपा आहे. विमानाचा रोख उत्तरेपासून पूर्वेमार्गे दक्षिणेकडच्या अर्ध्या वर्तुळात असेल तर विषम पातळ्या, उरलेल्या पश्चिमेकडच्या अर्ध्या वर्तुळात असेल तर सम. मुंबईहून दिल्लीला जाणारे विमान किंचित पूर्वेकडे झुकलेले असते, म्हणून सर्वसाधारणपणे त्याला ३३०, ३५०, ३७० अशी पातळी मिळते. दिल्लीहून येणाऱ्याला ३४०, ३६०, ३८०. समोरासमोर येणारी दोन विमाने एकाच पातळीवर येऊच नयेत, ही यातली दृष्टी. दोघांचा मिळून वेग ताशी सतराशे-अठराशे किलोमीटर असतो. समोरचा ठिपका दिसून, तो विमान आहे हे कळून, हालचाल करीपर्यंत वेळ संपलेला असतो.

'बघा आणि टाळा' या तत्त्वाचा शेवट ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर झाला. टीडब्ल्यूए कंपनीच्या विमानाने २१ हजार फुटांची परवानगी मागितली होती. तिथे युनायटेडचे विमान येणार असल्याने नियंत्रकाने ती नाकारली. मग वैमानिकाने 'ढगांच्या माथ्यापासून हजार फूट वर' जाण्याची परवानगी मागितली आणि ती नियमाप्रमाणे मिळाली. ढगांचा माथा त्या दिवशी असा होता, की हजार फूट वर म्हणजे पुन्हा तेच २१ हजार. नियंत्रणाबाहेरच्या त्या आकाशात एकमेकांना पाहण्याची जबाबदारी वैमानिकांची होती. दोन्ही विमानांतले मिळून १२८ जण गेले. हजार फूट पाळले गेले होते खरे, पण ते ढगापासून. या अपघातानंतर अमेरिकेत केंद्रीय नियंत्रणाचा आग्रह बळावला आणि १९५८ च्या कायद्याने नवी विमानवाहतूक यंत्रणा उभी राहिली.

नेमक्या त्याच वर्षांत जेट विमाने आली. पंख्याची विमाने वीस-बावीस हजार फुटांवर रमत. जेटला तीस ते चाळीस हजार फुटांवरची विरळ हवा मानवते, तिथे इंधन कमी लागते. पण तिथे अल्टिमीटर फसवा होतो. आपली पत्र्याची डबी दाबातला फरक ओळखते, फुटांतला नव्हे. समुद्राजवळ एक हेक्टोपास्कलची चूक झाली तर २७ फूट चुकतात. २९ हजार फुटांवर तीच चूक सुमारे ७० फुटांची होते आणि ४० हजारांवर ११० फुटांची. डबी तीच, चूक तीच, फूट चौपट. त्यात विमानाच्या वेगामुळे दाब घेणाऱ्या छिद्रांपाशी होणाऱ्या गडबडीची भर. १९६० च्या सुमारास म्हणून वरच्या आकाशात हजाराऐवजी दोन हजार फूट अंतर ठेवण्याचे ठरले, आणि १९६६ मध्ये ही सीमा जगभरासाठी लेव्हल २९० वर पक्की झाली. तिच्या खाली हजार, वर दोन हजार. म्हणजे जिथे जेट विमानांची सर्वांत जास्त गर्दी होणार होती, नेमक्या त्याच पट्ट्यात मजले निम्मे झाले.

१९७३ नंतर तेल महागले आणि हा हिशेब टोचू लागला. चांगल्या पातळीवर जागा नाही म्हणून विमानाला चार-सहा हजार फूट खाली ठेवले, की प्रत्येक फेरीत जास्तीचे इंधन जळते. मग वरच्या आकाशातही हजार फूट का नकोत, असा प्रश्न आला. तो विचारायला सोपा होता. उत्तराला वीस वर्षे लागली. माझ्या मते विमानवाहतुकीच्या इतिहासातले हे सर्वांत कमी गाजलेले आणि सर्वांत नेटके काम आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या एका तज्ज्ञगटाच्या सूत्रसंचालनाखाली १९८२ पासून अमेरिका, कॅनडा, जपान, सोव्हिएत संघ आणि पश्चिम युरोपातले काही देश एकच गोष्ट करत होते: खालून अचूक रडारने विमानांची खरी उंची मोजायची, हवामानाच्या नोंदींवरून त्या पातळीची त्या क्षणाची खरी उंची काढायची आणि दोन्हींतला फरक लिहून ठेवायचा. प्रश्न सरासरीचा नव्हताच. सरासरीने विमान बरोबरच असते. प्रश्न क्वचित कधीतरी पाचशे फूट चुकणाऱ्या विमानाचा होता, आणि क्वचित घडणारी गोष्ट पकडायची तर प्रचंड नोंदी लागतात.

किती धोका चालेल, हेही आधी ठरवावे लागले. उपकरणांच्या चुकीमुळे होणाऱ्या टकरीसाठी जी मर्यादा मानली गेली, ती उड्डाणाच्या ४० कोटी तासांत एक प्राणघातक अपघात, अशी आहे. एकच विमान अखंड उडत राहिले असे धरले, तर हे साडेपंचेचाळीस हजार वर्षांहून जास्त होतात. १९८८ च्या अखेरीस तज्ज्ञगटाने निष्कर्ष दिला की हजार फूट शक्य आहे, पण अटींवर. प्रत्येक विमानात उंची मोजणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा हव्यात. ऑटोपायलटने ६५ फुटांच्या आत पातळी धरून ठेवायला हवी. पातळी सुटली तर इशारा वाजायला हवा. एकाच घडणीच्या विमानांची सरासरी चूक ८० फुटांपलीकडे जाता कामा नये. आणि विमान एकदा तपासून भागणार नाही. म्हणून न्यूफाउंडलंडमध्ये गँडरला, वेल्समध्ये स्ट्रम्बलला, ऑस्ट्रियात लिंट्झला जमिनीवर अशी केंद्रे बसवली गेली, जी डोक्यावरून जाणाऱ्या विमानाची खरी उंची त्याच्या नकळत मोजून ठेवतात.

वाचकांनी पुढच्या वेळी विमानात चढताना पुढच्या भागाच्या बाजूला जरा निरखून पाहावे. नाकाच्या मागे कुठेतरी पत्र्याला बारीक छिद्रे असतात आणि त्यांच्याभोवती चौकटीच्या खुणा केलेल्या दिसतात. दाब इथून आत जातो. या चौकटीतला पत्रा गुळगुळीत राहायला हवा. पोचा, सुटलेला रंग, वर आलेला रिव्हेट, यातले काहीही असले की हवेचा प्रवाह बिघडतो, दाब चुकतो आणि उंची चुकते. वरच्या आकाशातले हजार फूट या हातभर पत्र्यावर अवलंबून आहेत.

ही छिद्रे बुजली तर काय होते, ते २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूमध्ये दिसले. एरोपेरू कंपनीचे बोइंग ७५७ धुताना या छिद्रांवर चिकटपट्टी लावली होती, ती काढायची राहिली. रात्री लिमाहून उडाल्यावर उंची आणि वेग दोन्हीचे आकडे बहकले. वैमानिकांनी नियंत्रकाला विचारले, आमची उंची किती दिसते? त्याने पडद्यावरचा आकडा वाचून दाखवला, सुमारे ९७०० फूट. विमान प्रत्यक्षात समुद्राला टेकत आले होते. सत्तरच्या सत्तर जण मेले. नियंत्रकाच्या पडद्यावर दिसणारी उंची रडारने मोजलेली नसतेच. विमानातला ट्रान्सपॉन्डर आपल्याच अल्टिमीटरचा आकडा खाली कळवतो आणि पडदा तो दाखवतो. साक्षीदार दोन वाटतात, पण दुसरा पहिल्याचेच ऐकून बोलत असतो.

त्यानंतर एकेचाळीस दिवसांनी दिल्लीच्या नियंत्रकाच्या पडद्यावर तर उंचीचा आकडाच नव्हता.

१२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ. सौदी अरेबियन एअरलाइन्सचे जंबो जेट ६ वाजून ३२ मिनिटांनी दिल्लीहून धाहरानकडे निघाले. आत ३१२ जण, बहुतेक भारतीय, आखातात कामाला निघालेले. समोरून कझाकस्तान एअरलाइन्सचे इल्यूशिन-७६ दिल्लीकडे उतरत होते. त्यात ३७ जण. दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखीव असल्याने नागरी विमानांना यायला आणि जायला एकच मार्गिका होती. नियंत्रकाने कझाक विमानाला लेव्हल १५० वर थांबवले आणि सौदी विमानाला १४० वर. मधे हजार फूट. समोरून जंबो येत असल्याचेही त्याने कझाक विमानाला सांगितले. दिल्लीचे रडार जुन्या प्रकारचे होते. त्यावर विमानाचा ठिपका दिसे, उंची दिसत नसे. उंची वैमानिक तोंडाने सांगेल ती. कझाक विमानाकडून १५० वर पोचल्याचे कळवण्यात आले. ते खरे नव्हते. विमान त्याखाली गेले होते आणि उतरतच होते. ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास हरियाणातल्या चरखी दादरीवर ढगात नारिंगी उजेड पसरलेला अमेरिकन हवाई दलाच्या एका मालवाहू विमानाने पाहिला. ३४९ जण गेले. आकाशात झालेल्या टकरींमध्ये इतके बळी आजवर दुसऱ्या कुठल्याच अपघाताने घेतलेले नाहीत.

चौकशी न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्याकडे होती. हेच पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. कझाक विमान परवानगीशिवाय १४० पर्यंत उतरले हे अपघाताचे मूळ कारण, असा निष्कर्ष निघाला. तो बरोबरच आहे. पण कॉकपिटमधली रचना पाहिली तर चित्र अधिक कळते. या सोव्हिएत घडणीच्या विमानात नियंत्रकाशी बोलणारा रेडिओ ऑपरेटर वेगळा असे. उंचीचे उपकरण त्याच्या समोर नसे. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून त्याला ते वाचावे लागे. म्हणजे १५० हा आकडा ज्याने इंग्रजीत ऐकला आणि कबूल केला, त्याच्या हाती विमान नव्हते. आणि ज्याच्या हाती विमान होते, त्याच्यापर्यंत तो आकडा दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्या भाषेत पोचत होता. हे लोक मीटर आणि ताशी किलोमीटर यांच्यात वाढलेले, दिल्ली फूट आणि सागरी मैलांत बोलणारी. ध्वनिमुद्रणातून दिसते की अखेरच्या क्षणांत रेडिओ ऑपरेटरच्या ध्यानात घोटाळा आला. त्याने वर जायला सांगितले, इंजिनांना जोर दिला गेला, विमान थोडे वर उचलले गेले आणि त्याची शेपटी जंबोच्या डाव्या पंखात घुसली. ते उतरतच राहिले असते, तर बहुधा जंबोच्या खालून निघून गेले असते. करार पाळण्याच्या शेवटच्या धडपडीनेच दोघे एकमेकांच्या वाटेत आले.

या अपघाताबद्दल बोलताना कझाक वैमानिकांच्या इंग्रजीवर घसरण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ती अपुरी वाटते. इंग्रजी कच्चे असलेली विमाने त्याआधीही वर्षानुवर्षे येत-जात होती. ज्या मार्गिकेत येणारा आणि जाणारा समोरासमोर येतात, आणि ज्या पडद्यावर उंची दिसत नाही, तिथे कुणाची तरी एक चूक पुरेशी ठरणार होती. अपघातानंतर काय केले गेले तेच पाहा: येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे दुय्यम रडार आले आणि भारतात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवासी विमानांत टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. दोष एकाचा ठरला, दुरुस्ती मात्र सगळ्या व्यवस्थेची करावी लागली.

ही टक्कर टाळणारी यंत्रणा म्हणजे टीकॅस. दोन विमानांचे ट्रान्सपॉन्डर जमिनीला न विचारता एकमेकांशी बोलतात आणि अंतर धोक्याचे होऊ लागले की आपसात ठरवून एकाला 'वर जा' आणि दुसऱ्याला 'खाली जा' असे सांगतात. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस इथे एक प्रवासी विमान आणि एक छोटे खासगी विमान यांची टक्कर होऊन ८२ जण गेल्यावर अमेरिकेने ती कायद्याने बंधनकारक केली होती.

इकडे वरच्या आकाशातला नवा हजार फुटांचा नियम, ज्याला विमानवाले आरव्हीएसएम म्हणतात, मार्च १९९७ मध्ये उत्तर अटलांटिकवर सुरू झाला. युरोपने तो २४ जानेवारी २००२ रोजी आणला. लेव्हल २९० ते ४१० या पट्ट्यात पूर्वी सात पातळ्या होत्या, त्या तेरा झाल्या. हा बदल हळूहळू करता येण्यासारखा नव्हता. जुन्या पद्धतीत २९० पूर्वेकडची, ३१० पश्चिमेकडची, ३३० पुन्हा पूर्वेकडची, असा क्रम होता. नव्यात ३०० पश्चिमेला गेली आणि ३१० पूर्वेला आली. तसेच ३५० आणि ३९० चे झाले. कालपर्यंत ज्या पातळीवरून पश्चिमेकडे जायचे, तिच्यावरून आज पूर्वेकडे. रस्त्यावर डावीकडून चालणाऱ्या देशाने एका रात्रीत उजवीकडून चालावे, तसाच हा प्रकार, फक्त इथे गाड्या थांबवता येत नाहीत. म्हणून प्रत्येक प्रदेशात एक दिवस आणि एक वेळ ठरवून सगळ्यांनी एकदम बदल केला. आपल्याकडे, अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरासह, तो २७ नोव्हेंबर २००३ रोजी झाला. अमेरिकेचा दिवस २० जानेवारी २००५. चीनने २००७ मध्ये तो स्वीकारला, पण मीटरमध्ये. तिथला नियंत्रक १०,४०० मीटर सांगतो आणि वैमानिक तक्त्यात पाहून ३४,१०० फूट बसवतो.

युरोपातल्या बदलानंतर पाच महिन्यांनी, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीच्या सरहद्दीवर युबरलिंगन गावावर रशियन तुपोलेव्ह-१५४ आणि डीएचएलचे मालवाहू बोइंग ७५७ आदळले. लेव्हल ३६०. ही पातळी जानेवारीपूर्वी त्या आकाशात अस्तित्वातच नव्हती, पण दोष तिचा नव्हता. झुरिकच्या केंद्रात त्या रात्री एकच नियंत्रक दोन जागा सांभाळत होता, सहकारी विश्रांतीला गेला होता, मुख्य टेलिफोन दुरुस्तीसाठी बंद होता. शेजारच्या कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना धोका दिसत होता, पण फोन लागत नव्हता. त्याने उशिरा तुपोलेव्हला खाली जायला सांगितले. त्याच वेळी टीकॅस तुपोलेव्हला वर जायला सांगत होते आणि बोइंगला खाली. बोइंगने यंत्राचे ऐकले, तुपोलेव्हने माणसाचे. दोघेही खाली गेले. ७१ जण, त्यात उफा शहरातून बार्सिलोनाला सुट्टीसाठी निघालेली शाळकरी मुले. दीड वर्षापूर्वी जपानमध्ये हीच गोष्ट जवळजवळ घडली होती. एका विमानाने नियंत्रकाचे ऐकले, दुसऱ्याने यंत्राचे, आणि दोन्ही मिळून ६७७ जण थोडक्यात वाचले. युबरलिंगननंतर नियम निःसंदिग्ध झाला: टीकॅस एक सांगत असेल आणि नियंत्रक दुसरे, तर टीकॅसचे ऐकायचे.

यंत्राला शेवटचा शब्द दिला, पण त्याला वाचा हवी. २९ सप्टेंबर २००६ रोजी ब्राझीलमध्ये अमेझॉनच्या जंगलावर गोल कंपनीचे बोइंग ७३७ आणि एक लेगसी छोटे जेट लेव्हल ३७० वर समोरासमोर आले. छोट्या जेटच्या उड्डाणयोजनेप्रमाणे ब्राझिलिया ओलांडल्यावर त्याने ३६० वर यायला हवे होते; ते आले नाही आणि कुणी आणले नाही. त्याचा ट्रान्सपॉन्डर जवळजवळ तासभर बंद होता. त्यामुळे नियंत्रकाला त्याची खात्रीची उंची दिसत नव्हती आणि दोन्ही टीकॅस मुके होते. जेटच्या पंखाच्या टोकाने बोइंगचा डावा पंख कापला. बोइंगमधले १५४ जण गेले, छोटे जेट लष्करी धावपट्टीवर उतरले. (योगायोग असा, की चरखी दादरीच्या कझाक उड्डाणाचा क्रमांक १९०७ होता आणि या गोल उड्डाणाचाही १९०७.) या अपघातात मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. दोन्ही विमाने उपग्रहाच्या आधाराने मार्गाच्या मध्यरेषेवर काही मीटरांच्या अचूकतेने उडत होती आणि नव्या अल्टिमीटरांनी पातळीही तशीच नेमकी धरली होती. जुन्या काळी एकाच पातळीवर चुकून आलेली दोन विमाने बहुधा एकमेकांपासून शे-दोनशे मीटर बाजूने निघून गेली असती, कारण दोघेही थोडे थोडे चुकलेले असत. इथे ती ढिलाई उरली नव्हती.

यावर निघालेला तोडगा मजेशीर आहे. समुद्रावरच्या मार्गांवर, जिथे रडार पोचत नाही, वैमानिकाने मध्यरेषा सोडून मुद्दाम उजवीकडे एक किंवा दोन सागरी मैल सरकून उडावे, अशी सोय करण्यात आली. इतक्या खटपटीने मिळवलेला नेमकेपणा, आणि आता ठरवून थोडे बाजूला जायचे!

या सोयीचा दुसरा उपयोग ७ जानेवारी २०१७ रोजी अरबी समुद्रावर, मुंबईच्या नियंत्रणाखालच्या हद्दीत, ठळकपणे कळला. मालेहून अबू धाबीला निघालेले एक चॅलेंजर छोटे जेट लेव्हल ३४० वर होते. समोरून, नियमाप्रमाणे ३५० वरून, दुबईहून सिडनीला जाणारे एअरबस ए-३८० आले आणि डोक्यावरून गेले. कुणीही चुकले नव्हते. दोन्ही अल्टिमीटर बरोबर होते, दोन्ही ट्रान्सपॉन्डर चालू होते, मधे पुरते हजार फूट होते. पाऊण-एक मिनिटाने त्या महाकाय विमानाच्या पंखांनी मागे सोडलेला हवेचा भोवरा खाली उतरत चॅलेंजरपर्यंत पोचला. जेट कोलांट्या खात सुमारे नऊ हजार फूट खाली आले, आतली माणसे आपटून जखमी झाली, एक इंजिन बंद करावे लागले. वैमानिकांनी ते सावरले, इंजिन पुन्हा सुरू केले आणि मस्कतला उतरवले. त्यानंतर ते विमान दुरुस्त करण्याच्या पलीकडे गेले होते. भोवरा हजार फूट खाली येतो, पण तो मार्गाच्या रेषेवरच असतो आणि वाऱ्याबरोबर थोडा सरकतो. उजवीकडे मैलभर गेलेल्या विमानाला तो सापडण्याची शक्यता फार कमी. अरबी समुद्रावरून रात्री आखाताकडे जाणारी कितीतरी विमाने आज अशी बाजूला सरकून जातात. त्यासाठी वैमानिकाला नियंत्रकाची परवानगी घ्यावी लागत नाही, आणि सरकल्याचे कळवावेही लागत नाही.